न झेललेली ओळ

मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार होता. पहाटे घट मांडला, कलशात पाच झाडांच्या डहाळ्या लावल्या, नारळाला हळदकुंकू वाहिलं आणि आईच्या खाटेजवळ जाऊन बसले. आई जागीच होती. तिचे हातपाय आता तिचे राहिलेले नाहीत, पाणीसुद्धा चमच्यानं पाजावं लागतं. कान मात्र शाबूत. खाडीला भरती लागली की आमच्याआधी तिला कळतं.

"आज गानार ना गो तो?" तिनं विचारलं.

"व्हय आये. नागावला. संध्याकाली."

"पुरा गानार?"

"त्यासाठीच जातेय ना मी," मी म्हटलं.

आईनं डोळे मिटले. माझी धाकटी बहीण गोदू दारात उभी होती. ती आईसाठी म्हणून दिवाळीपासून माहेरीच राहिली आहे. ती म्हणाली, "माज्या लग्नाचा धवला त्यानं सगल्या दुनियेला वाटला, मला साधा चोलीचा खन न्हाय दिला. इचार त्याला, म्हनावं गोदू वाट बघतेय."

आई हसली. तिचं हसणं आता नुसतं नाकातून येतं.

आमची आई धवलारीण. मैना धवलारीण म्हटलं की खाडीच्या दोन्ही काठांच्या कोळीवाड्यांत तिला ओळखत. लग्नात भटजी मंत्र म्हणतात ते वेगळं. आमच्यात हळद दळण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला धवला लागतो, आणि तो बाईनं गायचा असतो. धवला एकटीनं गाता येत नाही. एक बाई ओळ टाकते, दुसरी झेलते. टाकणारी थांबते, झेलणारी श्वास घेते, मग ओळ फिरून येते. त्या मधल्या थांबण्यात घाई करायची नाही. "तिथं देव बसतो, त्याला उठवू नको," असं आई सांगायची. तिच्याबरोबर झेलणारी बाई वारल्यावर मी झेलायला उभी राहिले. तेव्हापासून मी झेलतच आले. ओळ टाकायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. माझा आवाजही टाकण्याजोगा नाही. शेजारच्या खोलीत हाक मारली तरी पोचत नाही.

धवल्याला दोन नेम आहेत. तो लिहायचा नाही, तोंडातून तोंडात द्यायचा. आणि उघडला की झाकायचा, ज्यानं उघडला त्यानंच. शेवटच्या ओळीला आम्ही झाकण म्हणतो. झाकण टाकलं, दुसरीनं झेललं, की मांडव मोकळा.

गोदूच्या लग्नात हरेश्वर आला होता. तेव्हा तो कोवळा पोरगा, केस मानेवर, खांद्याला गिटार. गावोगाव फिरून कोळ्यांची गाणी गोळा करायचा. आईच्या पायाशी बसून त्यानं धवला ऐकला, तोंडपाठ केला. पण ओहोटी लागायच्या आत पलीकडे जाणारा शेवटचा मचवा गाठायचा होता. झाकण व्हायच्या आधीच तो उठला. जाता जाता ओरडून गेला, "परत येतो, मैनाबाय, रायलेला घ्यायला येतो!"

मांडवातला धवला आईनं झाकला. हरेश्वरनं नेला तो उघडाच नेला.

पुढे त्यानं त्याला ढोल जोडला, विजेची गिटार जोडली, आणि ते गाणं इतकं गाजलं की आता आमच्या हळदीला धवलारीण कुणी बोलवत नाही, डीजेवर हरेश्वरचा धवला लावतात. अर्धाच. आईनं कधी बोल लावला नाही. "गाव दे. त्याच्या तोंडी सोभतो," म्हणायची. पण खाटेला खिळली, दिवसरात्र कण्हू लागली, जीव जाईना, तेव्हा एकदा मला जवळ बोलावून म्हणाली, "जनी, माजा सास कुटं अडकलाय मला ठाव हाय. त्या उघड्या धवल्यात. देनारी मी हाय ना गो. त्यानं झाकल्याबिगर मी कशी जाऊ?"

तिला बरं कर असं मी देवाकडे कधी मागितलं नाही. सोडव, एवढंच मागते. त्यासाठी मी मौन धरलं आहे. सांजेला दिवा लावला की दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढची वात उजळेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. माझं बोलणं मुळात कमी, म्हणून गोदू चेष्टा करते, "ताय, तुज्या मौनाचा देवाला पत्ता तरी लागतो काय?" पण नेम तो नेम.

मग गोदूची मुलगी रुचिका, तिनं फोनवर जाहिरात दाखवली. हरेश्वर नाखवा, शेवटचा दौरा, नागावच्या किनाऱ्यावर. त्याचा फोटो बघून मी ओळखलंच नाही. पांढरी दाढी, डोक्याला लाल रुमाल, आणि बोटं गिटारीवर अशी टेकलेली, जशी थकलेली माणसं काठीवर टेकतात.

रुचिका म्हणाली, "मावशी, तू त्याला सांग पुरा गायला. मी तिथून आजीला व्हिडिओ कॉल लावते. आई फोन धरंल आजीच्या कानाशी. काय बोलतेस?"

आई खाटेवरून म्हणाली, "जा."

रुचिकाच्या स्कूटरवर आम्ही निघालो. दिघीला जंगलजेटी पकडली, गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट. गाड्यांच्या मधे, रेलिंगला धरून मी उभी राहिले. पर्यटकांची पोरं समुद्रपक्ष्यांना कुरकुरे टाकत होती. माझा उपास होता. पिशवीत दोन केळी, निरांजन, तुपाची डबी, काडेपेटी. संध्याकाळची पूजा आणि पोथी गोदू करणार होती, पण दिवा जिथं असेन तिथं मीच लावायचा.

आगरदांड्याला उतरलो. मुरुड गेलं, काशीदला मुंबईच्या गाड्यांनी रस्ता अडवून ठेवला होता. रुचिका दात खात म्हणाली, "यांना समुद्र न्हाय काय तिकडं?" मी मागे बसून सूर्याकडे बघत होते. तो उतरायच्या आत मला बोलून घ्यायचं होतं. माझ्याकडचं बोलणं सूर्य बुडेपर्यंतच चालणार होतं.

नागावला पोचलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. वाळूत मोठा मंच, दोन बाजूंना कपाटांएवढे काळे भोंगे, सुरूच्या झाडांना दिव्यांच्या माळा. खाण्याच्या ठेल्यांवर पापलेट तळत होते. मंचामागे पत्र्याची शेड होती, तिच्या तोंडाशी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण उभा. सुजित त्याचं नाव, सगळी व्यवस्था तोच बघत होता.

"मावशी, सेल्फी कार्यक्रमानंतर. आत्ता सर आराम करतायत."

"मला फोटो नको," मी म्हटलं. "त्यांना सांगा, मैना धवलारणीची मुलगी आली आहे. दिघीहून."

"काय? जरा मोठ्यानं बोला."

रुचिकानं माझ्या वतीनं मोठ्यानं सांगितलं. सुजित मान हलवत आत गेला, आणि मिनिटभरानं पत्र्यामागून आवाज आला, "कोन? मैनाबाय? अरे सोड तिला आत!"

हरेश्वर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. गुडघ्याला पट्टा बांधलेला. माझ्याकडे बघत तो उठायला गेला आणि अर्ध्यातच परत बसला.

"तू जनी ना? झेलनारी?" तो म्हणाला. "हिरवा लुगडा नेसलेलीस तवा."

"लुगडं पिवळं होतं," मी म्हटलं.

"व्हय व्हय, पिवला. मैनाबाय हाय अजून?"

"हाय. खाटेला हाय."

त्याच्या तोंडावरचं हसू हळूच उतरलं. "तिनं मला चिंबोऱ्यांचा रस्सा वाढलेला," तो म्हणाला. "तसा पुना कुटं न्हाय खाल्ला. मी येनार होतो जनी. खरंच येनार होतो. मंग एक गाना गाजला, मंग दुसरा... कुटं गेली वर्सं कलला न्हाय."

रुचिका म्हणाली, इथं पत्र्याखाली फोनला रेंज नाही, बाहेर कुठं मिळते ती जागा बघून ठेवते. ती गेली. मी खाली चटईवर बसले आणि सगळं सांगितलं. आईचा श्वास, उघडा धवला, झाकण. एवढं लांबलचक मी वर्षात बोलले नसेन. तो मान खाली घालून ऐकत होता. मधेच त्यानं मंचावरचं वाजवणं ऐकायची कानातली यंत्राची बोंडं काढून मांडीवर ठेवली, माझा आवाज नीट यावा म्हणून.

"मला वाटायचा तो तेवढाच हाय," तो म्हणाला. "गाना तिथं थांबतो, मी ढोल चालू करतो. लोकांना तोच भाग आवडतो. झाकन काय हाय, सांग."

मी कशी सांगणार? टाकण्याची ओळ ती. पण शिकवणं म्हणजे टाकणं नव्हे, असं मनाशी म्हणत मी हळूच म्हणून दाखवली.

*उघडला मांडव गो, देवा, आता झाकू दे,*
*लेक गेली पान्यापार, दिवा घरी राखू दे.*

"आनि झेल?"

"राखला गो राखला, दिवा घरी राखला."

त्यानं डोळे मिटले. ओठांतल्या ओठांत घोळवलं. मग छातीवर हात ठेवून त्यानं ओळ टाकली. गिटार नाही, ढोल नाही. आवाज फाटलेला होता, पण ओळ सरळ आली, होडी वाळूला लागते तशी. तो थांबला. मी श्वास घेतला आणि झेलली. शेडमध्ये क्षणभर कुणीच हललं नाही. वायर गुंडाळणारा माणूससुद्धा थांबला होता.

"असाच ना?" हरेश्वरनं विचारलं.

"असाच."

"मंग आज असाच गाईन. लोकांसमोर उघडलाय तर लोकांसमोरच झाकतो. मैनाबायला फोन लाव त्या टायमाला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला वाकून नमस्कार केला, त्यानं मधेच माझे हात धरले.

सुजित दारातून हे सगळं ऐकत होता. तो पुढे आला. "सर, त्या दोन ओळी मला लिहून द्या. खालच्या स्क्रीनवर टाकतो. बाकीची गाणी आहेतच तिथं." मग माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाला, "हल्ली सरांना स्क्रीन लागतो, मावशी."

माझ्या तोंडून पटकन निघालं, "नको. धवला लिहायचा नसतो."

सुजितनं हरेश्वरकडे बघितलं. हरेश्वरनं मान हलवली. "बरोबर हाय तिचा. मैनाबायनं मला पन लिवू दिला नव्हता. वही हिसकावून घेतलेली तिनं. राहू दे सुजित, हा तोंडातलाच जाईल."

"सर, पण..."

"बोल्लो ना, राहू दे."

मी बाहेर आले तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता. सुरूच्या झाडाच्या बुंध्याशी बसले, पदराचा आडोसा केला आणि निरांजन लावलं. वाऱ्यात ते दोनदा विझलं, तिसऱ्यांदा टिकलं. हात जोडून देवीला म्हटलं, आजचा दिवस तुझा. तिथून माझं मौन सुरू झालं.

रुचिकानं पुढची जागा धरली होती, बांबूच्या कुंपणाला लागून. वाळूवर माणसं मावत नव्हती. गावातले कमी, बाहेरचेच जास्त. हरेश्वर आला तेव्हा अशी आरोळी उठली की मी कुंपणाचा बांबू धरला. तो लंगडत आला, पण गिटार गळ्यात पडताच पाठ सरळ झाली. पहिली दोन गाणी त्यानं उभ्यानं गायली. वरच्या सुरांच्या जागा मागची पोरं गात होती, तो नुसता ओठ हलवी. मधेच एका गाण्यात त्याचं कडवं चुकलं आणि त्यानं पायाशी ठेवलेल्या पडद्याकडे बघितलं. मी कडेला होते, म्हणून तो पडदा मला दिसत होता. त्यावर शब्द वर सरकत होते. मी पदर घट्ट धरला.

लोक मात्र खूश. त्यांना तो दिसत होता ना, जो त्यांच्या आईबापांनी तरुणपणी ऐकलेला.

मग धवला आला. पहिल्याच ठोक्याला सगळे ओरडले. रुचिकानं फोन लावला. फोनवर आमची खोली दिसली, गोदूचा अंगठा, मग आईचा कान. गोदूनं फोन तिच्या उशीशी टेकवला होता.

*मांडवाच्या दारी गो, हलद कुनी वाटली,*
*हलद वाटता वाटता दर्याला लाट दाटली...*

पोरी नाचत होत्या. माझ्या शेजारच्या बाईला सगळं तोंडपाठ होतं. ते अर्ध्यावर आलं, जिथं नेहमी ढोल पडतो तिथं, आणि हरेश्वरनं हात वर केला. ढोलवाला थांबला.

"हा गाना मी चालीस वर्सं अर्धा गातोय," तो म्हणाला. "ज्या बायनं दिला ती दिघीला खाटंवर हाय, आनि आता फोनवर आयकतेय. आज पुरा करतो."

लोक शांत झाले. समुद्राचा आवाज यायला लागला. हरेश्वरनं डोळे मिटले.

*उघडला मांडव गो...*

तो थांबला. मी श्वास धरला. ही थांबायची जागा नव्हती.

*उघडला मांडव गो, देवा...*

त्यानं डोळे उघडले. नजर पायाशी गेली. पडदा कोरा होता. त्यानं परत वर बघितलं, लोकांकडे, मग अंधारातल्या पाण्याकडे. हात गिटारीवरून घसरला. एक जण मागून ओरडला, "चालतंय दादा, चालतंय!" आणि काही जण हसले, प्रेमानंच हसले.

मग त्याला मी सापडले. तो मंचाच्या पायऱ्या उतरू लागला, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत. कुंपणापाशी आला आणि बांबूवरून माइक माझ्यापुढे धरला. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याचे डोळे लहान पोरासारखे झाले होते.

देवीला मी त्या क्षणी काय सांगितलं ते इथं सांगत नाही. ते माझं आणि तिचं. फोनमध्ये आईचा कान दिसत होता. मी तोंड उघडलं.

*उघडला मांडव गो, देवा, आता झाकू दे,*
*लेक गेली पान्यापार, दिवा घरी राखू दे.*

माझा आवाज त्या काळ्या भोंग्यांतून बाहेर पडला आणि समुद्राकडून परत आल्यासारखा मला ऐकू आला. तो माझा आहे हे कळायला वेळ लागला. ओळ संपली. मी थांबले. धवल्यात थांबतात तसं. हरेश्वरला आठवलं होतं, मला दिसलं. त्याची छाती वर आली, ओठ उघडले.

आणि टाळ्या पडल्या.

लोकांना वाटलं, संपलं. शिट्ट्या, आरोळ्या, "मावशी, वन्स मोअर!" त्यात ढोलवाल्यालाही वाटलं, संपलं, आणि त्यानं काठी हाणली. मागची पोरं उड्या मारत सुरू झाली. हरेश्वर तसाच उभा राहिला, उघड्या तोंडानं. मग ढोल त्याच्या कानातल्या बोंडांत शिरला असावा, कारण त्याचा हात आपोआप तारांवर गेला. चाळीस वर्षांची सवय. त्यानं माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि लंगडत पायऱ्या चढून गेला.

झेल आली नाही.

रुचिका फोन कानाला लावून ओरडत होती, "आई? आई, आजीला आयकू आला काय?" तिकडून काय उत्तर आलं ते गोंगाटात कळलं नाही. नंतर लाइन तुटली.

कार्यक्रम संपल्यावर सुजितनं मला पाण्याची बाटली आणून दिली. "मावशी, काय गायलात! अंगावर काटा आला बघा." तो मनापासून म्हणाला. मी बाटली हातात धरून उभी राहिले. तोवर हरेश्वरला दोघांनी धरून गाडीत बसवलं होतं. काच खाली करून त्यानं मला हात केला. जवळ गेले.

"जनी," तो म्हणाला, "मला आठवला होता गो. झेलनारच होतो." मग त्यानं काच आणखी खाली केली. "पन मगाशी शेडमदी तर झाला होता ना? मी टाकला, तू झेललास. मी उघडलेला, मीच झाकला. झाला ना तो?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. खरंच की. शेडमध्ये, उजेडात, त्यानं झाकण टाकलं होतं आणि मी झेललं होतं, नेमानं, मधली जागा सोडून. आम्ही दोघंही त्याला तालीम समजलो. आणि रुचिका फोन घेऊन रेंज शोधत बाहेर फिरत होती.

"मैनाबायला सांग," तो म्हणाला, "झाकला म्हनावं. मोकली हो म्हनावं."

मी मान हलवली. गाडी गेली.

जंगलजेटी सकाळशिवाय नव्हती. नागावला रुचिकाच्या मैत्रिणीच्या घरी नारळाच्या वाडीत राहिलो. केळी तशीच पिशवीत राहिली.

सकाळी घरी पोचलो तेव्हा गोदू अंगणात झाडत होती. मला बघून तिनं खराटा टाकला. "ताय, तू टाकलास तवा आयेनं तोंड उघडला. झेलायला. मी बघितला. हिनं कवा झेलला हाय काय जन्मात? पन उघडला. आनि मंग तो ढोल आला मेला."

"मग?"

"मंग मला इचारते, झेलला काय गो? मी बोल्ली, व्हय आये, झेलला. कुनी? मी बोल्ली, हरेश्वरनं. तर बोलते, मी आयकला न्हाय. आनि भिताडाकडं तोंड केला. मी तरी काय बोलनार होती, ताय?"

मी पाय धुतले, घट हलवला, डहाळ्या तुळशीपाशी ठेवल्या. मग आईकडे गेले. तिचं तोंड अजून भिंतीकडे होतं.

"आये, झाकला तो. खरंच झाकला. कार्यक्रमाच्या आधी, दिवस बुडायच्या आत. हरेश्वरनं टाकला, मी झेलला. तिथं फोन नव्हता म्हणून तुला..."

"गोदू पन तेच बोल्ली," आई म्हणाली.

"गोदूनं तुला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मी खरं सांगतेय."

"तू पन बरा वाटावा म्हनूनच सांगतेस." तिच्या आवाजात राग नव्हता. कंटाळा होता. "झाकला असता तर मला कलला असता. हिथं कलला असता." तिला छातीवर हात ठेवायचा असावा. हात हलला नाही, नुसती बोटं हलली.

तिला पटवायला माझ्याकडे काय होतं? शेडमधला तो वायर गुंडाळणारा माणूस साक्षीला आणणार होते का?

"मौन मोडलास ना गो?" तिनं थोड्या वेळानं विचारलं.

"व्हय."

"तू टाकलास. मी आयकला. बरा टाकलास." मग श्वास गोळा करून म्हणाली, "पन तो कुनी झेलला न्हाय, जनी. आता तुजा पन उघडा रायला."

हे मला ठाऊक होतं. रात्रभर नारळाच्या झावळ्यांचा आवाज ऐकत मी हेच समजून घेत होते. मी तिच्या कानाशी वाकले.

"आये, मग तू झेल. तूच झेल माझा."

आईनं मान माझ्याकडे वळवली. किती तरी दिवसांनी तिनं मला नीट बघितलं. मी हळू आवाजात, आमच्या दोघींपुरती, ओळ टाकली. मग थांबले. देवाला बसायला जागा दिली. तिनं तोंड उघडलं.

"राखला गो..." ती म्हणाली. आणि खोकला आला. गोदू धावत आली, आम्ही दोघींनी तिला कुशीवर केलं, पाठ चोळली, चमच्यानं पाणी दिलं. पाणी ओठांवरून परत आलं. खोकला बसल्यावर तिनं पुन्हा तोंड उघडलं, पण आता त्यात वाराच नव्हता. जन्मभर टाकणारी बाई. झेलायला वेगळा श्वास लागतो. तो तिच्याकडे कधी नव्हताच.

"राहू दे आये," मी म्हटलं.

माझं ते गाणं रुचिकाच्या मैत्रिणीनं फोनवर घेतलं होतं. ते आता गावातल्या सगळ्यांच्या फोनवर आहे. त्यात माझी ओळ आहे, मग टाळ्या. मार्केटात बायका मला थांबवून सांगतात, "जनीताय, काय गायलीस गो!" मी हात जोडते. हरेश्वरचा दौरा पुढे झाला नाही. सुजितनं रुचिकाला कळवलं की सर आता कुणाला ओळखत नाहीत, गिटार दिली तर हातात धरून बसतात. शेडमध्ये झाकण खरंच पडलं हे कळलेली मी एकटीच उरले.

मी मौन पुन्हा पहिल्यापासून धरलं आहे. देवीनं तसं सांगितलं म्हणून नाही. दुसरं काही येत नाही म्हणून.

परवा शेजारच्या विनेशच्या घरी हळद होती. मी दिवा लावून, मौनात, आईच्या खाटेशी बसले होते आणि डीजेवर तेच लागलं. भिंती थरथरत होत्या. *मांडवाच्या दारी गो, हलद कुनी वाटली.* तरुण हरेश्वर गात होता, मोकळ्या गळ्यानं. गाणं नेहमीच्या जागी आलं. ढोल पडायच्या आधी त्यात श्वासभर जागा आहे.

त्या जागेत आईचं तोंड उघडलं. मी बघत राहिले.

मग ढोल पडला. तिनं तोंड मिटलं. कुणीतरी ओरडलं, "परत लाव रे!" आणि त्यांनी ते पहिल्यापासून लावलं.